किर्लोस्करांचा पहिला नांगर दोन वर्षं का पडून राहिला?

गावाकडे परत जाऊन काहीतरी सुरू करायचं, हा विचार तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात असणार. भांडवल कुठून आणायचं, जागा कुठे घ्यायची, हे प्रश्न लगेच पडतात. पण एक प्रश्न आपण मागे ठेवतो : वस्तू चांगली आहे, तरी तालुक्याच्या गावात ती घेणार कोण? आज त्यासाठी सव्वाशे वर्षं मागे जाऊया, बेळगावला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म १८६९, बेळगावजवळच्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, तर डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत असं लक्षात आलं. मग ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि मुंबईतच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवू लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावललं गेलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर त्यांचं सायकलचं दुकान होतं. किर्लोस्कर उद्योगाची सुरुवात १८८८ सालची धरतात, ती या दुकानापासून. आता तो काळ बघा. दोन्ही चाकं सारखी असलेली, आज आपण चालवतो तशी सायकल इंग्लंडमध्येच नुकती आली होती. बेळगावात ती बघितलेले लोक किती असतील? आणि चालवता येणारे? त्यामुळे हे भाऊ सायकल विकायचे आणि फी घेऊन ती चालवायलाही शिकवायचे. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ऑनबोर्डिंग म्हणतो ना, तेच! फरक एवढाच की इथे पडलं तर गुडघे फुटायचे.

पुढे त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती उलटी करतो. म्हणजे वस्तू उत्तमच. तरीही पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. लोखंडाने जमिनीत विष पसरतं, असं शेतकरी म्हणायचे.

इथे आपल्याला हसू येतं. पण जरा थांबा. शेतकऱ्याच्या जागेवरून बघा. लाकडी नांगर गावातला सुतार करून द्यायचा. मोडला तर तोच दुरुस्त करायचा, आणि त्याचं बलुतं सुगीला धान्यात द्यायचं. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसे लागणार. ऐन पेरणीच्या तोंडावर तो मोडला तर? वर्ष गेलं! ‘विष’ हा शब्द चुकीचा असेल, पण त्यामागची भीती मला तरी खोटी वाटत नाही. ज्याचं अख्खं वर्ष एका पेरणीवर अवलंबून आहे, तो नव्या यंत्रावर प्रयोग कसा करेल? कुणीतरी आधी करून दाखवल्याशिवाय तो पुढे येणारच नाही.

विक्री कुठे सुरू होतेय तोवर दुसरं संकट आलं. बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा वस्तीसाठी हवी होती. कारखाना हलवणं भाग पडलं. तेव्हा मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, लक्ष्मणरावांना आधीपासून ओळखणारे. त्यांनी जागा दिली आणि दहा हजार रुपये कर्ज दिलं. जागा कशी? कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ. निवडुंग, साप आणि रखरखाट. पण शेजारून रेल्वे जात होती, म्हणजे लोखंड येणार आणि नांगर जाणार! १९१० च्या मार्चमध्ये तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहू लागली. तीच किर्लोस्करवाडी. पुढे स्टेशनचं नावही तेच झालं.

चार वर्षांत पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि परदेशी लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले, अक्षरशः.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. एका नांगराच्या कारखान्याचं मासिक! पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ झालं आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत गेलं. मला यात सायकल शिकवण्याचाच धागा दिसतो. वस्तू आधी आली, गिऱ्हाईक तयार नव्हतं, म्हणून या माणसांनी गिऱ्हाईक घडवायचं कामही अंगावर घेतलं.

एक गोष्ट मात्र लपवायला नको. ‘जिद्द होती म्हणून जमलं’ एवढ्यावर ही कथा संपवणं बरोबर नाही. राजाने माळ दिला नसता, शेजारी स्टेशन नसतं, तर नुसती जिद्द कुठवर पुरली असती? आज प्रत्येकाला औंधचा राजा भेटत नाही. बँकेचं कर्ज, एमआयडीसीतला प्लॉट, घरच्यांचा आधार, यातलं आपल्याकडे काय आहे, ते नोकरी सोडायच्या आधी कागदावर लिहून काढा.

आणि त्याच कागदावर आणखी एक प्रश्न लिहा : माझी वस्तू घेताना समोरच्याला नेमकी कशाची भीती वाटेल? उत्तर ऑफिसात बसून सापडणार नाही. बाजाराच्या दिवशी जा, दहा लोकांशी बोला. कुणी ‘विष आहे’ म्हणालं तर वाद घालू नका. त्याला विचारा, मोडलं तर काय होईल असं वाटतं?

तिथून पुढचं तो स्वतःच सांगेल. भेटूया पुढच्या भागात!