दाराच्या चौकटीतली दांडी आणि प्रशियाची बंदी

आज दाराच्या चौकटीत निमूटपणे बसवला जाणारा पुल-अप बार ज्या आडव्या दांडीचा वंशज आहे, तिची एकेकाळी राज्यसत्तेला धास्ती वाटत होती.

१८०६ मध्ये येना येथे नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला. खचलेल्या तरुणांत बळ आणि राष्ट्रभावना रुजवण्यासाठी फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने १८११ साली बर्लिनबाहेर हासेनहायडे येथे खुले व्यायाममैदान सुरू केले. तेथे मुले प्रारंभी ओकच्या आडव्या फांद्यांना लोंबकळत. पुढे दोन खांबांवर दांडी आली. यानने तिला ‘रेक’ म्हटले. उत्तर जर्मन बोलीतला हा शब्द कपडे टाकण्याच्या दांडीसाठीही वापरत. आपली वलणीच म्हणा ना!

यानचा राष्ट्रवाद संकुचित आणि परकीयद्वेष्टा होता, यात शंका नाही. राजांना मात्र खुपली ती एकसंध जर्मनी मागणारी संघटित तरुणाई. मार्च १८१९ मध्ये कार्ल झांड या विद्यार्थ्याने नाटककार कोट्सेबूचा खून केला. झांड याच व्यायामचळवळीतला. जुलैत यानला अटक झाली आणि पुढच्या वर्षी प्रशियात सार्वजनिक व्यायामावर बंदी आली.

बंदी उठली १८४२ मध्ये. तोवर दांडी उघड्या माळावरून बंद खोल्यांत, छताखाली आली होती.