पाटदूरची निवड

हॉकीचा हंगाम तोंडावर आला म्हणजे आमच्या कचेरीत मधल्या सुट्टीत एक अनधिकृत निवडसमिती भरते. आघाडीला कोणास घ्यावे, कोणास वगळावे, गोलरक्षण जुन्याकडे ठेवावे की नव्या पोराकडे द्यावे, यावर डबे निवेपर्यंत वाद चालतो. समितीपैकी एकानेही शाळा सोडल्यावर स्टिक हाती धरलेली नाही, ही गोष्ट अलाहिदा.

गेल्या संक्रांतीस आम्ही पाच मराठी कारकून दिल्लीहून बसने पानिपतास निघालो, तेव्हा ही समितीही बरोबरच आली. आमच्यातील ग्वाल्हेरकर गृहस्थ रूपसिंगांच्या गावचे. त्यामुळे या विषयात पहिला शब्द आपला, असे ते धरून चालतात. त्यांनी १९३६ सालचा दाखला काढला. बर्लिनला जाण्यापूर्वी आपला संघ याच दिल्लीत स्थानिक संघाकडून १-४ असा हरला. जर्मनीत पोहोचल्यावर सरावाच्या सामन्यात जर्मनांनीही त्यास तसेच १-४ ने हरविले. मग मायदेशी निरोप गेला, मागे राहिलेले दारा यांना तातडीने बोलावण्यात आले, ते उपांत्य सामन्यापूर्वी दाखल झाले आणि अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला.

"म्हणजे निवड चुकली तरी सुधारता येते," ते म्हणाले.

"पानिपतावर तेवढी सवड मिळाली नाही," इंदूरकर म्हणाले, आणि बस मुरथळ ओलांडण्यापूर्वीच हॉकी मागे पडून निराळ्याच संघाची चर्चा सुरू झाली.

वाचकांस सांगावयास नको, की या विषयात प्रत्येकाचा संघ जन्मानेच ठरलेला असतो. ग्वाल्हेरकर शिंद्यांचे, इंदूरकर होळकरांचे, बडोदेकर दमाजी गायकवाडांचे. आम्ही व आमचे दुसरे पुणेकर स्नेही अर्थातच भाऊसाहेबांचे. आरोपही ठरलेले: राघोबादादांना का पाठविले नाही? सूरजमल जाटाला का जाऊ दिले? मल्हाररावांनी रण का सोडले? आम्हीही वर्षानुवर्षे हेच प्रश्न हिरिरीने विचारीत आलो. परंतु ज्या दिवशी निवड झाली त्या दिवशी, म्हणजे निकाल ठाऊक नसताना, ती कशी दिसत होती हे पाहण्याचे कष्ट आमच्यापैकी कोणीच फारसे घेतले नव्हते.

दत्ताजी शिंदे १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर पडले. त्या वेळी पेशव्यांची मुख्य फौज दक्षिणेत निजामाशी गुंतलेली होती. फेब्रुवारीच्या आरंभी उदगीरला निजामाचा पराभव झाला, दौलताबादेसारखा किल्ला व साठ लाखांच्या घरातील मुलूख पदरात पडला, आणि मार्चमध्ये पाटदूरच्या, म्हणजे आजच्या परतूरच्या, छावणीत उत्तरेच्या मोहिमेचा विचार झाला. समोर दोन नावे होती. राघोबादादा १७५८ साली लाहोरपर्यंत जाऊन आलेले. उत्तर त्यांनी पाहिलेली. पण त्या मोहिमेने खजिन्यात भर पडण्याऐवजी कर्ज वाढले होते. भाऊसाहेब जेमतेम तिशीचे. उत्तर त्यांस अपरिचित. पण हिशेबाला कडक आणि उदगीरचे ताजे यश पाठीशी असलेले. जमाखर्चाचे टाचण ज्यांनी कधी तयार केले आहे, त्या आमच्यासारख्यांनी तरी त्या निवडीस नावे ठेवू नयेत. अठरा वर्षांच्या आसपासचे विश्वासराव नावाने मोहिमेचे मुख्य झाले, आणि १४ मार्चला फौज निघाली.

नावे चुकली नव्हती, असे आमचे आता मत झाले आहे. चुकला तो मेळ. इब्राहिमखान गारदी हा बुसीच्या तालमीतला, तोफा व कवायती पायदळ घेऊन उदगीरला भाऊंबरोबर लढलेला. होळकर व जनकोजी शिंदे त्या वेळी उत्तरेत. ते वाटेत येऊन मिळाले. मल्हारराव साठी ओलांडलेले, सारे आयुष्य घोड्यावरच्या चपळ लढाईत गेलेले. कुंजपुरा ऑक्टोबरात सर्वांनी मिळून घेतला खरा; पण किल्ला घेणे निराळे आणि मोकळ्या मैदानावर गोल बांधून एकाच चालीने सरकणे निराळे. गोलात पायदळाचे पाऊल हेच घोडेस्वाराचेही पाऊल असावे लागते. तसा सराव या मंडळींनी एकत्र केला केव्हा?

शिवाय संघाबाहेरच्यांचे ओझे होतेच. स्त्रिया, यात्रेकरू, बाजारबुणगे अशा हजारो जीवांना पोटाशी धरून ही फौज नोव्हेंबरपासून पानिपतास अडकली. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले, रसद पाठविणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि छावणीत उपासमार सुरू झाली.

१४ जानेवारी १७६१ ला डाव्या बाजूस गारद्यांनी रोहिल्यांची फळी खरोखर मोडीत आणली होती. तेवढ्यात विंचूरकर व गायकवाड यांचे घोडेस्वार पुढे उसळले. ज्या तोफांनी वाट करून द्यायची त्यांच्याच तोंडासमोर ते आले, आणि शत्रूच्या बंदुकांनी त्यांस परत फिरविले. (येथे बडोदेकर खिडकीबाहेर पाहू लागले.) उजव्या बाजूचे शिंदे-होळकर दिवसाचा बराच काळ तसे मोकळेच होते. दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ गर्दीत शिरले, आणि मल्हारराव निघून गेले.

मल्हाररावांबद्दल आम्ही त्या बसमध्ये नेहमीचाच कठोर शब्द उच्चारला. नजीबखानास १७५७ साली त्यांनीच वाचविले, हेही ऐकविले. इंदूरकर रागावले नाहीत. स्त्रियांना सुखरूप नेण्यास भाऊंनीच सांगितले होते असाही एक पक्ष आहे, एवढे सांगून ते म्हणाले, "ते राहू द्या. उजव्या बगलेला तुम्ही कोणास घ्याल?" आम्ही बराच वेळ नावे आठविली. अखेर मल्हाररावांचेच नाव घ्यावे लागले. "मग खेळही त्यांचाच खेळू द्यायचा होता," ते म्हणाले. यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. गनिमी काव्याने एवढा कबिला कसा हलविला असता, हे मात्र त्यांनाही सांगता आले नाही.

काला अंबच्या स्तंभापाशी त्या दिवशी गर्दी होती. महाराष्ट्रातून आलेल्या मंडळींनी तेथली माती पुड्यांत बांधून घेतली. हरियाणातील रोड मराठा मंडळीही होती. आपले पूर्वज या लढाईतून मागे राहिलेले, असे ती मानतात. त्यांतील एका वृद्धाने आम्हांस गाव विचारले. आम्ही पुणे म्हणताच त्याने दोन्ही हातांत आमचा हात धरला व बराच वेळ सोडला नाही. संघनिवडीविषयी त्याचे काही म्हणणे दिसले नाही.

राखीव फौज पेशवे स्वतः घेऊन निघाले होते, पण फार उशिरा. २७ डिसेंबरला ते पैठणास लग्नाच्या बोहल्यावर होते. २४ जानेवारीला भेलशाजवळ त्यांस एका सावकाराचे सांकेतिक पत्र सापडले, तेव्हा लढाई होऊन दहा दिवस लोटले होते.