चिरुटाची परीक्षा आणि तेंदूचे पान

रुची ही मनुष्यास उपजत लाभत नाही, ती त्यास अभ्यासाने संपादावी लागते, या सिद्धांतास चिरुटाइतके समर्पक उदाहरण क्वचितच सापडेल. जाणत्यांनी त्याचे सोपस्कार ठरवून ठेविले आहेत. प्रथम वेष्टणाचा वास घ्यावा, टोक नेमके छाटावे, ज्योत किंचित दूर धरून सावकाश पेटवावे, मिनिटास एखादाच झुरका घ्यावा आणि धूर छातीत न नेता तोंडातच घोळवावा. मग म्हणे कोठे देवदाराची, कोठे कॉफीची, कोठे कमावलेल्या कातड्याची छटा प्रकट होते! नवशिक्यास यांतले काहीच गवसत नाही. जीभ कडवटते, घशास ठसका लागतो आणि डोके गरगरू लागते. तरीही तो गंभीरपणे मान डोलावितो. कारण आपल्या सुसंस्कृतपणाचीच परीक्षा चालली आहे, अशी त्याची समजूत झालेली असते.

हिंदुस्थानातील अशा नवशिक्यांत एक बादशहाही होता. अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारातून परतताना तंबाखू व तो ओढण्याची रत्नजडित नळी घेऊन आला. पोर्तुगीजांनी आणलेला हा पदार्थ दक्षिणेत तोवर परिचित झाला होता. उत्तरेच्या दरबारास तो नवाच होता. अकबराने दोनतीन झुरके घेताच राजवैद्य धावला आणि ज्याचा उल्लेख आपल्या ग्रंथांत नाही ते औषध बादशहास देता येणार नाही, असे म्हणू लागला. असद बेगाने उलट वाद केला, बादशहाने तो कौतुकाने ऐकिला. पण पुन्हा नळी तोंडास लाविली नाही. सरदारांनी मात्र ती उचलली. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूस बंदी केली, तीही व्यर्थ गेली. तंबाखूच्या इतिहासातील दोन धडे येथेच मिळतात: चाखूनही सोडणारा विरळा, आणि वरून आलेली मनाई टिकत नाही.

चिरूट म्हणजे तंबाखूच्याच पानात गुंडाळलेला तंबाखू. गरिबाच्या विडीस मात्र रानातले पान लागते. १९६६ सालच्या केंद्रीय कायद्याने ‘विडी आणि सिगार कामगार’ असे दोघांस एकाच नावात बसविले खरे; परंतु चिरुटाच्या परीक्षेवर जशी पुस्तके निघाली, तशी विडीच्या पानाची परीक्षा कोणी ग्रंथबद्ध केल्याचे आम्ही पाहिले नाही. ती परीक्षा चंद्रपूर व १९८२ साली त्यातून वेगळ्या निघालेल्या गडचिरोली जिल्ह्यांत दर उन्हाळ्यात, फळीवर होत असते.

फळी म्हणजे तेंदूपान खरेदीचे ठिकाण. फेब्रुवारी-मार्चात झुडपे छाटली म्हणजे सुमारे दीड महिन्याने नवी पालवी फुटून पक्व होते. मे महिन्यात बायाबापे, पोरेसोरे पहाटेच जंगलात शिरतात, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधितात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून देतात. हजार पुडक्यांचे एक प्रमाणित पोते. म्हणजे सत्तर हजार पाने, एकेक करून तोडलेली! पान फार कोवळे नसावे, जून नसावे, किडीने फोडलेले नसावे, शिरा जाड नसाव्यात आणि दुमडताना फाटू नये, ही त्याची कसोटी. चिरुटाच्या रसिकास जे वेष्टण वासावरून कळते, ते येथील गोंड बाईस बोटांवरून कळते. परीक्षा तिची अधिक कठीण, कारण नापसंत पुडक्याचे मोल कोणी देत नाही.

या परीक्षेची किंमतही लहान नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया वाघिणीच्या हल्ल्यात एकाच दिवशी प्राणांस मुकल्या. तरीही लोक जातात. कारण पेरणीपूर्वी बियाण्यास रोख पैसा मिळण्याचा दुसरा मार्ग पुष्कळांस नसतो.

मोल ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे. आरंभी तो व्यापाऱ्याचा होता. १९६९ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्याने गौण वनोपजाचा व्यापार सरकारच्या हाती गेला. पुढे १९९६ सालच्या पेसा कायद्याने व २००६ सालच्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेचा हक्क मान्य झाला. दुसऱ्याने तर तेंदूपानाचा नावानिशी उल्लेख केला. गडचिरोलीतील अनेक ग्रामसभा आता आपले पान आपणच लिलावास काढितात. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाने मोजून दिली, ते आता भाव मोजून घेतात, हा पालट आम्हांस लहान वाटत नाही.

परंतु याहूनही विलक्षण निकाल गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावाने दिला. २०१२ साली सामूहिक वनहक्क हाती येताच तेथील ग्रामसभेने पान तोडणेच बंद केले. पानासाठी झाडांची बेसुमार छाटणी होते, वणवे लाविले जातात, आणि शेवटी त्या पानातून निघतो तो देहास अपायकारक धूर, असा त्यांचा विचार होता. विडीचा धूर सिगारेटीहून सौम्य असतो हा समज वैद्यकशास्त्राने केव्हाच खोटा ठरविला आहे. गावाने बांबूच्या उत्पन्नावर भिस्त ठेविली. छाटणी थांबल्यावर तेंदूची झाडे वाढली, त्यांस फळे धरू लागली, आणि ती गोड पिवळी टेंभरे लोकांच्या मुखी पडू लागली.

पाने विकणाऱ्या गावांस आम्ही दोष देत नाही. त्यांची गरज खरी आहे आणि त्यांचा हक्क कष्टाने मिळविलेला आहे. तथापि जहांगिराच्या फर्मानाने जे साधले नाही, ते निदान एका गावापुरते, आपसांत बसून केलेल्या ठरावाने साधले, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने टिपून ठेवावी अशी आहे. पदार्थाची परीक्षा जिभेपाशी संपते असे मानणारा रसिक कायमचा नवशिकाच राहतो. झाडापासून धुरापर्यंत सारा हिशेब मांडून मग हो किंवा नाही म्हणणारा तोच खरा पारखी. आणि त्या अर्थी आम्हांस पाचगावची ग्रामसभा पुष्कळ चिरूट-शौकिनांहून अधिक रसज्ञ वाटते.