पुढचे पान कोठून सुरू होते?

१८५३ साली निजामाने नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या हवाली केला. तेथे नेमलेल्या मेडोज टेलर या अधिकाऱ्याने जमीनमोजणीचे काम हाती घेतले. १८६० मध्ये जिल्हा निजामाकडे परत गेला. पण जमीन मोजून प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर देण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात आणि निजामाच्या राज्यातही रुजली. शेताचे दोन भाग झाले, की ४५ चे ४५/१ आणि ४५/२ असे पोटहिस्से होतात. शेजारच्या ४६ ला धक्का लागत नाही. या साध्या युक्तीचे मोल संगणकाच्या काळात पुन्हा कळले.

आज नळदुर्गचा शेतकरी 'महाभूलेख' या संकेतस्थळावर सातबारा शोधू शकतो. समजा, अशाच एखाद्या शोधाला पाचशे नोंदींचे उत्तर आले. पडद्यावर ती वीस-वीसच्या पानांत दाखवावी लागतील. तलाठ्याच्या दप्तरातली पाने शिवलेली असतात; संगणकातली पाने मात्र आधी कोठेच नसतात. आपण 'पुढे' म्हटले, की पान नव्याने तयार होते.

याचे मूळ १९७० साली एडगर कॉड यांनी मांडलेल्या कल्पनेत आहे. माहिती तक्त्यांत ठेवावी, पण ओळींच्या मागेपुढे असण्याला अर्थ नसावा, असे त्यांनी सांगितले. म्हणून क्रम हवा असेल तर तो मागून घ्यावा लागतो. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी मांडलेल्या भाषेतून पुढे एसक्यूएल घडली. वेब आल्यावर 'पहिल्या वीस ओळी सोड, पुढच्या वीस दे' अशी मागणी रोजची झाली. पुढे एसक्यूएल प्रमाणकात तिच्यासाठी शब्दरचनाही आली.

या मागणीत दोन दोष आहेत. दहा हजार ओळी सोडायच्या, तर यंत्राला त्या आधी ओलांडाव्या लागतात. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. आपण पहिले पान वाचत असताना त्यातली दोन शेते एकत्र होऊन एक नोंद कमी झाली, तर एकविसावी नोंद विसाव्या जागी सरकते. दुसरे पान बाविसावीपासून सुरू होते. एका शेतकऱ्याचे शेत आपल्या नजरेतून निसटते, आणि चूक कोणाच्याच लक्षात येत नाही. उलट, नवा पोटहिस्सा पडला तर विसावी नोंद दुसऱ्यांदा दिसते.

उपाय मोजणीदाराच्या पद्धतीचाच आहे. 'वीस सोड' न म्हणता '४५/२ च्या पुढचे वीस दे' म्हणावे. क्रमांकांची सूची तयार असेल तर यंत्र थेट तेथे पोचते. मात्र एकदम सत्तावन्नाव्या पानावर उडी मारता येत नाही, ही याची किंमत.

वर्गात करून पाहा. चाळीस चिठ्ठ्यांवर क्रमांक घालून ओळीने मांडा. एका विद्यार्थ्याने पहिल्या दहा वाचल्यावर त्यांतली एक काढून घ्या. मग त्याला आधी 'दहा सोडून पुढची' आणि नंतर 'दहा नंबरच्या पुढची' चिठ्ठी उचलायला सांगा. कोणती चिठ्ठी हरवली, ते मुलेच सांगतील.