कावसजीचं नाक आणि भाच्याची जखम

बडोद्याला दांडिया बाजारात माझ्या बहिणीचं घर. गेल्या वर्षी गोव्याहून तिकडे गेलो, तर भाचा पलंगावर पालथा पडून अभ्यास करत होता. माकडहाडाजवळच्या खाचेत केस रुतून नाडीव्रण झालेला. जागा सांगायला लाजेची, म्हणून केसतूड समजून त्याने दोन वर्षं लपवला. शेवटी शस्त्रक्रिया झाली. रोगट भाग शंकरपाळ्याच्या आकारात कापून काढला आणि शेजारचं कातडं चरबीसकट वळवून त्या खड्ड्यावर बसवलं.

"मामा, रशियातल्या लिंबर्ग नावाच्या सर्जनची ही पद्धत," तो म्हणाला. खरंच आहे. पण कातडं मुळापासून न तोडता वळवायचं, ही विद्या आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत ती आहेच. पुण्याची एक हकीकत तर लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापली.

कावसजी हा इंग्रजांच्या फौजेतला मराठा गाडीवान. १७९२ साली तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ एका देशी वैद्याने त्याला नाक करून दिलं. मेणाचा साचा कपाळावर ठेवून तेवढं कातडं सोडवलं, भुवयांमधला एक पट्टा मात्र जोडलेला ठेवला. कातडं नाकाच्या जागी आणून काताच्या लेपाने चिकटवलं. चार दिवसांनी लेप काढून तुपात भिजवलेलं फडकं. पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं. पट्टा कापायचा तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास! तोवर नवं नाक त्या पट्ट्यातल्या रक्तावर जगायचं. ही हकीकत वाचूनच पुढे लंडनच्या कार्प्यूने १८१४ मध्ये ती शस्त्रक्रिया करून पाहिली.

माकडहाडाजवळ तो पट्टा कधीच कापत नाहीत, एवढाच फरक. बाकी नियम तोच. रक्त पोचलं नाही तर कातड्याचं टोक काळं पडतं. खाली पाणी साचतं, म्हणून नळी ठेवतात. कधी पू होतो, कधी कडा उसवते, कधी ती जागा बधिर राहते. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. दोन-तीन आठवडे बसणं जपून. पुढेही भोवतालचे केस काढत राहावं लागतं, नाहीतर दुखणं परतू शकतं.

आमचे चिरंजीव आठव्या दिवशीच स्कूटरवर बसले आणि खालच्या कडेचे दोन टाके उसवले. मग तीन आठवडे रोज ड्रेसिंग. आता जखम भरली आहे.

कावसजीचं दुखणं चारचौघांत दिसणारं होतं, त्याला ते लपवता आलं नाही. भाच्याचं कपड्यांआड राहिलं, म्हणून दोन वर्षं आतल्या आत पसरलं. घरात कुणी तरुण पोर बसताना एका कुशीवर कलत असेल, तर त्याला एकदा बाजूला घेऊन विचारा.