काडतुसे, हलक्या भाराची : दारूची निवड

नेहमीपेक्षा कमी वेगाची किंवा कमी वजनाची गोळी फेकणारे, नळीतला दाब आणि खांद्याला बसणारा धक्का दोन्ही कमी ठेवणारे काडतूस म्हणजे हलक्या भाराचे काडतूस. नवशिक्यांचा सराव, कागदी लक्ष्यावरची नेमबाजी आणि जुन्या, नाजूक झालेल्या बंदुका ही त्याची मुख्य क्षेत्रे. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातील काही देशांत नेमबाज अशी काडतुसे घरच्या हातयंत्रावर स्वतः भरतात. महाराष्ट्रात तशी प्रथा नाही. येथे हाताने बार भरण्याची खरी परंपरा कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीची आहे, आणि काडतुसातल्या दारूची निवड कारखान्यात होते. दारू निवडण्यामागचे तत्त्व मात्र तिन्ही ठिकाणी एकच आहे. हलके काडतूस म्हणजे नेहमीचीच दारू थोडी कमी घातलेले काडतूस, हा समज चुकीचा असून तो अपघाताला कारण ठरू शकतो.

धक्का. गोळी, तिच्यामागची गुडदी आणि जळालेल्या दारूचा वायू यांचा एकत्रित संवेग जेवढा पुढे जातो, तेवढाच बंदुकीला मागे ढकलतो. 3.2 किलो वजनाची बारा बोरची दुनळी 28 ग्रॅम छर्रे सेकंदाला सुमारे 400 मीटर वेगाने फेकत असेल, तर ढोबळ हिशेबाने खांद्याकडे 30 ज्यूलच्या आसपास ऊर्जा येते. वेग तोच ठेवून छर्रे 24 ग्रॅमवर आणले तर ती 23 ज्यूलच्या घरात उतरते. छर्ऱ्यांत सातवा हिस्सा घट आणि धक्क्याच्या ऊर्जेत जवळपास चौथा हिस्सा, कारण ऊर्जा संवेगाच्या वर्गाने बदलते. ऑलिंपिकच्या ट्रॅप आणि स्कीट प्रकारांत पूर्वी 28 ग्रॅमचे काडतूस चाले. आता 24 ग्रॅमचे चालते. दिवसाला शेकडो फैरी झाडणाऱ्या खेळाडूच्या खांद्याला आणि गालाला हा फरक जाणवतो. धक्का कमी करण्याचा सर्वांत सरळ मार्ग फेकले जाणारे वजन कमी करणे हा आहे. वेग कमी करणे हा दुसरा. दारूचे स्वतःचे वजनही हिशेबात येते, कारण तिचा वायू गोळीपेक्षा कितीतरी वेगाने नळीबाहेर पडतो. त्यामुळे थोड्या वजनात काम भागवणारी दारू दुहेरी फायद्याची ठरते.

दारूचा स्वभाव. काळी दारू सोरा, गंधक आणि कोळशाची. ती दाण्याच्या पृष्ठभागावरून जळते आणि दाबाचा तिच्यावर तुलनेने कमी परिणाम होतो. बिनधुराची दारू वेगळी. पॉल व्हिएय याने फ्रान्समध्ये 1884 साली ती सिद्ध केली, नोबेलची बॅलिस्टाइट 1887 ची आणि ब्रिटिशांची कॉर्डाइट 1889 ची. एकआधारी दारूत नायट्रोसेल्युलोज असते, दुआधारीत त्याच्या जोडीला नायट्रोग्लिसरीन. हिचा स्वभाव असा की दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. म्हणून प्रत्येक प्रकारच्या दारूला एक दाबाचा पट्टा असतो, ज्यात ती एकसारखी जळते. त्या पट्ट्याखाली ती अर्धवट जळते, नळीत पिवळट कण मागे राहतात आणि एका फैरीचा वेग दुसरीशी जुळत नाही.

दारूची ‘चाल’, म्हणजे जळण्याचा सापेक्ष वेग, दाण्याचा आकार, जाडी, छिद्रे आणि वरचा लेप यांवर ठरते. लांब रायफलची जड गोळी ढकलायला मंद दारू लागते. पिस्तुलाला आणि छर्ऱ्याच्या बंदुकीला जलद. हलक्या गोळीचा विरोध कमी. मंद दारूला तग धरायला जो दाब हवा तो तिच्यामागे तयारच होत नाही. म्हणून हलक्या भारासाठी पहिली निवड जलद दारूकडे जाते. ती थोड्या वजनात पेटते, गोळी नळीत थोडी पुढे सरकेपर्यंत बहुतांश जळून जाते, आवाज आणि ज्वाळाही कमी करते.

पण इथेच पेच आहे. जलद दारू थोडी लागते, म्हणजे मोठ्या पुंगळीत तळाशी चिमूटभर पडून राहते आणि वर सगळी पोकळी. बंदूक खाली झुकवून वर आणली तर दारू गोळीजवळ असते. वरून खाली आणली तर पुंगळीच्या तळातल्या टोपीजवळ. टोपीची ज्योत एकदा दारूच्या ढिगात शिरते, एकदा पोकळीतून नुसती वरून जाते, आणि वेग बदलतो. याहून वाईट गोष्ट अशी, की रिकाम्या जागेत दुसरे माप सहज मावते. भरणाऱ्याचे लक्ष क्षणभर ढळले आणि एकाच पुंगळीत दोन मापे पडली, तर वरून पाहून ते कळत नाही. जलद दारूचे दुप्पट माप बंदूक फोडायला पुरेसे असते. म्हणून निवड करताना चालीबरोबर दारूचा फुगीरपणाही पाहतात. तेवढ्याच वजनात जास्त जागा व्यापणारी, पुंगळी निम्म्याहून अधिक भरणारी दारू असेल, तर दुसरे माप ओसंडून बाहेर येते आणि चूक डोळ्यांना दिसते. मधोमध भोक असलेल्या चकत्यांची ट्रेल बॉस ही दारू नेमकी याच कामासाठी बनवली गेली. हलक्या भाराच्या दारूंत माझ्या मते हा गुण चालीपेक्षाही आधी तपासावा.

दुसऱ्या टोकाचा धोका मंद दारूचा. मोठ्या पुंगळीत मंद दारू फार कमी घातल्यावर कधीकधी दाब घटण्याऐवजी एकाएकी प्रचंड वाढतो आणि रायफलीचा बोल्टच उडतो. याच्या कारणमीमांसेवर तज्ज्ञांचे एकमत नाही. गोळी आधी थोडी सरकून नळीच्या आतल्या खाचांत अडकते, मागून दारू उशिरा पूर्ण पेटते आणि गोळी पुढे जायला तयार नसते, हे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणून कारखान्यांच्या भरणतक्त्यांत कमाल भाराइतकाच किमान भारही छापलेला असतो, आणि तो तितक्याच गांभीर्याने पाळायचा असतो. अपवाद मोजके. होज्डन कंपनी एच 4895 या दारूसाठी तक्त्यातल्या कमाल भाराच्या 60 टक्क्यांपर्यंत उतरण्याची मुभा देते, कारण ती कमी दाबालाही बऱ्यापैकी एकसारखी जळते. ही मुभा त्याच दारूपुरती आहे. शेजारच्या डब्यावर लावून चालत नाही.

भार फारच हलका झाला तर गोळी नळीतच अडकते. शिशाची गोळी मऊ असल्याने सहज सरकते. तांब्याच्या कवचाची गोळी खाचांना घट्ट धरते आणि तिला ढकलायला जास्त दाब लागतो. अडकलेल्या गोळीमागून दुसरी फैर झाडली की नळी फुगते किंवा फाटते. ‘फुस्स’ असा दबका आवाज आला की थांबून, बंदूक रिकामी करून, नळीतून गज घालून पाहणे हा नियम जगभर याचसाठी शिकवतात.

ठासणीची बंदूक. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या खेड्यांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. परळ, लालबाग, नायगाव, भोईवाडा या गिरणगावात आलेल्या चाकरमान्यांच्या मूळ घरांत अशी एखादी नळी माळ्याखाली टांगलेली असे, आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायची, हा गावाकडचा नेहमीचा सोपस्कार. ही बंदूक तोंडाकडून भरतात. मोजून काळी दारू ओतायची, वर काथ्याची किंवा कागदाची गुडदी, गजाने ठासायचे, मग छर्रे किंवा गोळी, पुन्हा गुडदी, पुन्हा ठासणे. शेवटी बोंडीवर केप. दारू पूर्वापार मापानेच घेतात, वजनाने नाही. काळ्या दारूच्या बाबतीत ते चालून जाते.

ठासणीत भार हलका करणे काडतुसाच्या मानाने सोपे, कारण इथे पोकळी उरत नाही. दारू कमी असली तर गोळी तेवढी खाली जाऊन बसते. अट एकच, की गजाने ती दारूला टेकेपर्यंत ठासली पाहिजे. मध्ये हवा राहिली तर त्या जागी नळी फुगते. जाणता माणूस गजावर खूण करून ठेवतो; भरल्यानंतर गज किती बाहेर राहतो त्यावरून आत काय आहे ते कळते, आणि नळीत आधीचा बार राहिला असेल तर तोही कळतो. दाण्याची निवडही आहे. मोठ्या नळीला जाड दाणा, लहान नळीला बारीक. बारीक दाणा लवकर जळून दाब वाढवतो, म्हणून मऊ बार हवा असेल तर दाणा एक पायरी जाड घेतात. बिनधुराची दारू ठासणीत कधीच घालत नाहीत. तिचे तेवढेच माप जुन्या लोखंडी नळीला पेलत नाही. फटाक्यांतली चंदेरी दारू तर त्याहून घातक, कारण ती बंदुकीच्या दारूसारखी ढकलत नाही, फोडते.

नेमबाजी. मुंबईत हलक्या भाराचा रोजचा संबंध येतो तो .22 च्या काडतुसाशी. भोईवाड्याहून पश्चिमेला वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. सामन्याचे .22 काडतूस 40 ग्रेनची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅमची शिशाची गोळी ध्वनीच्या वेगाखाली ठेवते, कारण लक्ष्याकडे जाताना ध्वनीची मर्यादा ओलांडणारी गोळी डगमगते. ग्रेन हे माप सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मे. दारू ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी लागते, आणि पाच-सहा किलोच्या रायफलीला धक्का नावापुरताच. या काडतुसाची स्फोटक टोपी पुंगळीच्या काठातच असते. एकदा खटका पडला की ती काठ चेपून निकामी होते, त्यामुळे ते पुन्हा भरण्याचा प्रश्नच नाही. नेमबाजाची निवड इथे वेगळ्या पातळीवर जाते. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या वेगवेगळ्या लॉटमधली काडतुसे घेऊन रायफल शिकंज्यात बसवतात, प्रत्येक लॉटचा लक्ष्यावरच्या छिद्रांचा पुंजका मोजतात आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट एकदम विकत घेतात. म्युनिकला 2010 मध्ये जागतिक विजेती ठरलेली कोल्हापूरची तेजस्विनी सावंत आणि पॅरिसला 2024 मध्ये कांस्य मिळवणारा कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे हे दोघे याच .22 च्या पन्नास मीटर रायफलीचे खेळाडू.

निर्मिती. मुंबईत बंदुकीच्या दारूची आठवण माझगावच्या दारूखाना भागात आणि गनपावडर रोडच्या पाटीवर उरली आहे. लष्करी काडतुसांचे केंद्र 1869 पासून खडकीचा दारूगोळा कारखाना. बारा बोरची ‘शक्तिमान’ काडतुसे तिथलीच. जळगाव जिल्ह्यातील वरणगावला लहान शस्त्रांची काडतुसे बनतात, भंडाऱ्याच्या जवाहरनगरला दारू आणि स्फोटके, तर तामिळनाडूतील अरुवंकाडूचा कारखाना कॉर्डाइटच्या काळापासून चालत आलेला. 1 ऑक्टोबर 2021 पासून हे सारे म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत, मुख्यालय पुण्याला. जवाहरनगरला 24 जानेवारी 2025 रोजी झालेल्या स्फोटात अनेक कामगार दगावले.

पोलीस दलातही हलक्या भाराचा एक जुना नमुना आहे. ली-एनफिल्ड रायफल बदलून इशापूरला तयार केलेली .410 ची एकबारी मस्केट पहारा आणि बंदोबस्तासाठी दिली जाई. तिची पुंगळी .303 चीच, फक्त मान न आवळलेली. शस्त्र हाताबाहेर गेले तरी दूरवर मारा होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

कायदा. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि ‘दारूगोळा’ या संज्ञेत काडतुसाचे सुटे भाग व ते बनवायची यंत्रेही येतात. म्हणजे परदेशात छंदाच्या दुकानात मिळणारे हातयंत्र येथे घरी बाळगणेही कायद्याच्या कक्षेत येते. बंदूक बाळगण्याचा परवाना हा काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा निर्मितीला किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. मुंबईत शस्त्रपरवाने पोलीस आयुक्तांच्या अधिकारात येतात.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरात, ट्रंकेच्या तळाशी, जुनी काडतुसे सापडण्याचे प्रसंग परळ-भोईवाड्याच्या चाळींतही येतात. कागदी किंवा पितळी पुंगळीवर हिरवट डाग, टोपीवर गंज आणि ट्रंक उघडल्यावर तिखट आम्लासारखा वास ही नायट्रोसेल्युलोज बिघडल्याची लक्षणे; अशी दारू उष्णतेने आपोआप पेटू शकते. ती फोडून आतली दारू दुसरीकडे वापरणे किंवा केरात टाकणे दोन्ही धोक्याचे. कलम 21 प्रमाणे शस्त्रासह ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करायची असतात. भोईवाड्यातल्या रहिवाशांसाठी ते ठाणे भोईवाड्याचेच.