शिक्षकस्थैर्य आणि शाळाप्रशासन

शिक्षक एखाद्या शाळेत टिकतो की ती सोडतो, यावर मुख्याध्यापक व संस्थाचालक यांच्या कारभाराचा होणारा परिणाम. वेतनाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु रिचर्ड इंगरसोल यांच्या अमेरिकेतील अभ्यासात (२००१) प्रशासनाचा अपुरा पाठिंबा आणि निर्णयांतील अल्प सहभाग हीही शाळा सोडण्याची कारणे आढळली. न्यूयॉर्क शहरातील नव्या शिक्षकांच्या अभ्यासात (२०११) कामाच्या परिस्थितीपैकी प्रशासनाविषयीचे मत हाच सर्वांत प्रभावी घटक ठरला.

भारतातील जुनी उदाहरणे याला पुष्टी देतात. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत (स्थापना १८८४) आजीव सदस्य दरमहा ७५ रुपयांवर २० वर्षे सेवेचे बंधन स्वीकारत. तेच शिकवीत आणि तेच कारभारही पाहत. तुटपुंज्या वेतनातही गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पर्यंत, तर धोंडो केशव कर्वे १८९१ ते १९१४ या काळात संस्थेत राहिले. मात्र सदस्यांची बाहेरची कामे व बाहेरचे उत्पन्न यांविषयीच्या नियमांवर एकमत न झाल्याने संस्थापकांपैकी एक असलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला.

वाराणसी येथे ॲनी बेझंट यांनी १८९८ मध्ये स्थापन केलेल्या सेंट्रल हिंदू कॉलेजात काही अध्यापक विनावेतन काम करीत. जे. कृष्णमूर्तींना जगद्गुरू मानण्यावरून थिऑसॉफिस्ट अध्यापक आणि व्यवस्थापन यांच्यात तेढ वाढली. १९१३ मध्ये प्राचार्य जॉर्ज अरुंडेल यांच्यासह अनेक जण बाहेर पडले. त्यांच्या जाण्यामागे पगाराचे कारण नव्हते.

महाराष्ट्रात खाजगी शाळा कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ यातील मूळ तरतुदीनुसार परिविक्षा दोन वर्षांची होती; या कायद्यानुसार बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. या कायद्याने शिक्षकाला मनमानी बडतर्फीपासून संरक्षण मिळते, पण शाळेविषयी आपुलकी निर्माण करणे त्याच्या कक्षेत येत नाही. ती रोजच्या कारभारातून जुळते: तासिकांचे न्याय्य वाटप, रजेबाबत समजूतदारपणा, अशैक्षणिक कामांची समान विभागणी, पालकांच्या तक्रारीत शिक्षकाची बाजू आधी ऐकून घेणे आणि नवशिक्षकाला अनुभवी सहकाऱ्याची सोबत देणे. यातले बहुतेक निर्णय मुख्याध्यापकाच्या हातात असतात आणि त्यांना वेगळा निधी लागत नाही. म्हणून मुख्याध्यापकाची निवड करताना सेवाज्येष्ठतेइतकेच माणसे सांभाळण्याच्या कौशल्यालाही महत्त्व द्यायला हवे. शिक्षक वारंवार बदलले की अध्यापनाचा क्रम तुटतो आणि त्याची झळ मुलांना बसते.